प्रत्येक पॅकेजला दुसरे नाव

वसुधाताई ठोंबरे यांची आणि माझी ओळख झाली ती सातासमुद्रापारच्या लोकांसमोर. चौक गावात माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. फारशी कुणाला ठाऊक नसलेली, पण जुन्या यंत्रांवर झकास चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम मी तेव्हा नुकती वापरू लागलो होतो. अडलो, म्हणून तिच्या जगभरच्या गटाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेल टाकला. उत्तर मराठीत आले: "सहीखाली चौकचा पत्ता दिसतो. मी खोपोलीत असते. रविवारी मशीन घेऊन या."

मित्रहो, ताई नेमके करतात काय, हे आपल्यातल्या काहींना अजून सांगावे लागते. ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर बहुधा नावाजलेल्या सिस्टिमसाठीच लिहिले जाते. आमच्या आडवाटेच्या सिस्टिमवर ते तसेच बसत नाही. कुणीतरी ते उसवून, बेताचे करून, सोबत लागणाऱ्या इतर सॉफ्टवेअरची, म्हणजे जोडण्यांची, यादी लावून त्याचे पॅकेज बांधावे लागते. पॅकेजवर बांधणाऱ्याचे नाव असते आणि बिघडले तर निस्तरायचेही त्यानेच. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून ताईंनी हे काम वर्षानुवर्षे बिनपगारी केले.

त्यांचा कडकपणा मी भोगला आहे. मराठी टायपिंगचे त्यांचे पॅकेज सुधारायला त्यांनी एकदा माझ्याकडे सोपवले. माझ्या मशीनवर चालले, मी लगेच गटात पाठवून दिले. दुसऱ्याच दिवशी डोंगरातल्या वाडीवरून बालवाडी चालवणाऱ्या जनीताईंचा फोन आला. "दादा, तुमचं नवीन टाकलं नि जुनं पण गेलं. कायच उघडत नाय! पोरांचे शब्द कुठं लिहू?" वाडीच्या बोलीतले शब्द त्या मुलांसाठी जमवत होत्या. मी दोष त्यांच्या जुन्या मशीनवर ढकलला. ताईंनी माझ्यासमोर नुसती सिस्टिम टाकलेली कोरी डिस्क ठेवली. "तुझ्याकडं चालतं, याचं कौतुक मला सांगू नकोस. हिच्यावर चालवून दाखव." चालले नाही. एक जोडणी मी पूर्वीच हाताने टाकली होती आणि यादीत लिहायला विसरलो होतो.

दुरुस्ती झाल्यावर दुखऱ्या गुडघ्याने ताई माझ्यासोबत वाडीपर्यंत चढल्या आणि चूक माझी, हे मला माझ्याच तोंडाने सांगायला लावले. जनीताई म्हणाल्या, "चुकलं तं चुकलं. बसा, च्या घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गेल्या वर्षी ताईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. स्क्रीनकडे बघायला बंदी. नेमकी तेव्हाच सिस्टिमची नवी आवृत्ती येऊ घातली होती, आणि ज्या पॅकेजची हमी कुणी देत नाही ते तिच्यातून गळते. ताईंच्या नावावरची सगळीच पॅकेजेस धोक्यात आली. त्या डोळे मिटून फोनवर सांगत गेल्या, त्यांच्याकडे येणारे आम्ही टाइप करत गेलो. कसेबसे निभावले, पण ताईंनी धसका घेतला. आम्ही त्यांच्या साठीच्या सत्काराचा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "शाल-नारळ राहू दे. माझ्या प्रत्येक पॅकेजवर दुसऱ्या कुणाचं नाव लागलं, तरच मी खालापूरला सत्काराला येईन. एक जरी राहिलं तरी नाय येणार."

आम्हाला ती थट्टा वाटली. ताईंना थट्टा जमत नाही, हे आम्ही विसरलो होतो. मग महिनोन्‌महिने एकेक पॅकेज शिकलो, नावे लावत गेलो. शेवटी एकच उरले, ते मराठी टायपिंगचे. दुधाने तोंड पोळलेला मी त्याला हात लावेना आणि बाकीचे माझ्याकडे बघत बसले. तेव्हा जनीताईच बोलल्या, "मी शिकते की. तुमी चुकता, तं मी पण चुकीन."

ताईंनी त्यांना शिकवले. त्या दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा पॅकेज बांधले गेले आणि त्यावर जनीताईंचे नाव लागले. म्हणून हा सत्कार होतो आहे.

ताई, डोळ्यांना जपा, गुडघ्यांना जपा, निरोगी आणि उदंड आयुष्य जगा. तुमच्या पॅकेजेसचे आता तुमच्यावाचून अडणार नाही. आमचे अडेल.