बिनछताच्या गाडीची पूजा

परवा गाडीच्या टायमिंग बेल्टचं नवं पाकीट फोडलं आणि कोऱ्या रबराच्या वासासरशी मी अमरावतीला, मामाच्या अंगणात जाऊन पोचलो.

मामानं जुनी, दोन माणसांची, बिनछताची स्पोर्ट्स कार घेतली होती. दसऱ्याला तिच्यात बसवून मामीला अकोल्याला माहेरी मिरवत न्यायचं, असं त्याच्या मनात होतं. गाडी पाहून मामीनं एवढंच विचारलं होतं, "हिले छत काहून नाही?"

निघण्याआधी बेल्ट बदलायचा होता. इंजिनाच्या दातेरी चाकांवरच्या जुळणीच्या खुणा घासून गेल्या होत्या, म्हणून जुना बेल्ट काढण्यापूर्वी मामानं कुंकू तेलात कालवून प्रत्येक चाकाच्या एकेका दात्यावर ठिपका दिला. एक दाता जरी चुकला तरी इंजिनाचं वाटोळं. मग बेल्ट काढून तो आंघोळीला गेला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. मामीनं हत्यारांची पूजा केली आणि चाकांच्या झाडून साऱ्या दात्यांना कुंकू लावलं.

"काय करून ठेवलं वं हे!" मामा टॉवेलवरच ओरडला.

"पूजा केली. आता उद्या दसरा होईपर्यंत पान्याले हात लावाचा नाही."

दसऱ्याला आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. मामा रस्ताभर फुगून बसला होता. नवी पैठणी नेसलेल्या मामीच्या अंबाड्यातला केसही हलला नव्हता. तेव्हा मला तिच्या भोळेपणाची कीव आली होती.

आता आठवतं, त्याच पूजेत मामाच्या स्कूटरला तिनं कुंकवाचं एकच बोट लावलं होतं, तेही हँडलला.