प्रयागबाईचं मधलं बोट

इंझोरीत कोणाच्याही घरी पुरणाची पंगत असली का मांड्यांले प्रयागबाई लागेच. सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत पार कोपरापर्यंत लांबवायचा आन् चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद टाकायचा. गावात हे तिच्यासारखं कोणाले जमे नाही.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अडकू लागलं. सकाळी वाकलेलंच राहायचं; दुसऱ्या हातानं ओढलं का खट्टकन सरळ व्हायचं. एका पंगतीत मांडा हातावर असतानाच ते वाकलं आन् मांड्यातून आरपार गेलं.

"प्रयागबाई, मांडा करून राह्यली का जाळं इनून राह्यली?" शेजारची संगीता खिदळली.

प्रयागबाई हसली नाही. नात संस्कृतीचं लग्न महिन्या-दीड महिन्यावर होतं. "तुह्या लगनाचे मांडे मीच करीन," असं ती पोरीले लहानपणापासून सांगत आली होती.

पोरानं, राजूनं, तिले वाशीमले नेलं. डॉक्टर म्हणाले, "बोटाची दोरी ज्या कड्यातून सरकते ते कडं आवळलंय. चिरायचं नाही, टाके नाहीत. सुईनंच मोकळं करतो."

जागा बधिर केली. सुई आत गेली. प्रयागबाई टक्क जागी.

"आजी, मूठ करा. आता उघडा."

बोट गेलं, आलं. खट्ट नाही का काही नाही. तिनं दहादा मूठ केली.

"असंच हलवत राहा, आजपासूनच. बांधून ठेवू नका. दहा दिवसांनी दाखवा."

हे तिनं एकटीनंच ऐकलं. राजू खाली गोळ्या घ्यायले गेला होता.

घरी आल्या आल्या सून रूपालीनं बोट बांधायले बांबूची कमटी आन् जुन्या लुगड्याचा धडपा काढला.

"काहून वं? डाक्टरनं हलवाले सांगतलं."

"आत्याबाई, आपरेशन झालं तुमचं. सव्वा महिना हात हलवाचा नाई."

"मले टाके कुठी हायेत? सुई टोचली नुसती."

"बाच्या पोटाचं आपरेशन झालं तवा त्यानं आठव्या दिवशी पोतं उचललं तं टाके उसवले होते, इसरली काय?" राजू म्हणाला. "सुई असो का सुरी, आतून तं कापलंच ना!"

त्यानं बोट कमटीले दुहेरी गाठीनं आवळलं. रूपाली घास भरवे, वेणी घालून दे. कोणी वाईट वागत नव्हतं, भांडावं तरी कोणाशी? एकदा दुपारी प्रयागबाईनं डाव्या हातानं गाठ ओढून पाहिली, मग तोंडात धरली. समोरचे दात असते तं सुटली असती. संस्कृतीले म्हणाली, "सोड वं बाई."

"नाई आजी. काही झालं तं सारे मलेच बोलतीन."

लग्नाच्या धावपळीत दहा दिवसांचं दाखवणंही राहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी कमटी सोडली. बोट कमटीसारखंच सरळ. डाव्या हातानं दाबलं, वाकेना. कळ मात्र थेट खांद्यात गेली. तरी तिनं गोळा घेतला. पहिला मांडा त्या बोटावर फाटला. दुसराही. तिसरा गोळा रूपालीनं हातातून काढून घेतला. मांड्यांसाठी कामरगावच्या दोघीजणी बोलवल्या.

प्रयागबाई मडक्याखालच्या जाळाजवळ बसली.

"पण आत्याबाई, आता अडकत तं नाई नं?" रूपालीनं मायेनं विचारलं.

"नाई," प्रयागबाई म्हणाली, आन् डाव्या हातानं लाकूड आत सरकवलं.