मी उभा केलेला मनोरा

कारगिलची लढाई चालू होती तेव्हा नाशिकच्या मेन रोडवरच्या माझ्या स्टुडिओत जुन्या फोटोंची एकदम गर्दी झाली. ज्यांच्या घरात कधी कोणी फौजेत होतं, ते ट्रंकेतले फोटो शोधून मोठे करायला आणत. दुरुस्ती हाच माझा खरा धंदा होता. बुरशी पात्याने खरवडायची, चिरा रंगाने बुजवायच्या, उडालेली बाही नवी काढायची. गिऱ्हाईक ‘जसा आहे तसाच करा’ म्हणायचं आणि वडिलांच्या अंगावर मी कोट चढवला की खूश होऊन जायचं. त्यामुळे ते शब्द मी कधी मनावर घेत नसे.

नांदगावकडच्या एका खेड्यातून एक म्हातारे फौजी आले. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत होते. तिथल्या साहेबाने काढून दिलेला तळहाताएवढा फोटो त्यांनी रुमालातून काढला.

“राजवाडा का बाबा?”

“देऊळ हाय, त्यांचं. लय जुनं. पंधरा ऑगस्टला गावात लावायचाय. जसा हाय तसाच मोठा करा, शेट. आमच्या गावचा एक गडी हितंच...”

दुकानात माणसं ताटकळत होती. “बाबा, बस चुकेल तुमची,” म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

फोटोवर सगळीकडे बुरशी होती. चर्चच्या डाव्या बाजूला उंच मनोरा, उजवीकडे त्या जागी पांढरा डाग. मला वाटलं, कागदावरचा चित्राचा मसाला उडालाय. एरवी मी आधी निगेटिव्ह काढून ठेवत असे आणि काम कॉपीवर करत असे. त्या दिवसांत कामं तुंबली होती, म्हणून मूळ फोटोवरच पातं आणि ब्रश चालवला. डावीकडचा मनोरा बघून उजवीकडे तसाच उभा केला, खिडक्यांसकट. खाली करडा ढीग होता, त्याच्या पायऱ्या केल्या. मग तो मोठा करून फ्रेममध्ये घातला, मूळ छोटा फोटो फ्रेममागे खोचला आणि गठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळला. बाबांनी गाडीच्या घाईत तो तसाच नेला.

पंधरा ऑगस्टनंतर ते सरपंचाला घेऊन परत आले. तेव्हा कुठे मला सगळं कळलं. त्यांच्या गावचा एक जवान त्या चर्चमध्ये आसऱ्याला होता आणि तोफेच्या गोळ्याने मनोरा कोसळला तेव्हा त्याखाली गेला. प्रेत सापडलं नाही. गावात मात्र बोललं जायचं की तो पळाला, तिकडेच कोणी गोरी करून बसला. शाळेपुढे शहिदांच्या नावांचा दगड बसणार होता. त्यावर त्याचं नाव यावं म्हणून बाबांनी फोटो दाखवायचं ठरवलं होतं. साऱ्या गावासमोर फ्रेमवरचा कागद काढला, तर दोन्ही मनोरे शाबूत. कोणीतरी ओरडलं, “बाबा, देऊळ तर ठणठणीत हाय, गडी काय ठेच लागून मेला का?”

बाबा माझ्यापुढे उभे होते. “शेट, एवढंच सांगा यांना. पडका मनोरा तुम्ही काढला ना उभा?”

सरपंच माझ्याकडे बघत होता. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. “फोटो होता तसाच आहे,” मी म्हणालो. “आम्ही फक्त डाग काढतो.”

“चला बाबा,” सरपंच हसून म्हणाला, “आता वकील लावता का फोटूला?”

बाबा फ्रेम काउंटरवर ठेवून निघून गेले.

काही वर्षांनी डिजिटल आलं आणि मी दुकान बंद केलं. तोवर बाबा गेले होते. मी एकदाचा त्या गावी गेलो. त्या जवानाची धाकटी बहीण, सत्तरीपुढची, ओट्यावर शेंगा फोडत होती. मी फ्रेम पुढे केली आणि उजवा मनोरा मी रंगाने काढलाय, असं सांगितलं.

तिने फ्रेम मांडीवर घेतली. “मग दादा कुठं हाय यात?”

मी पायऱ्यांवर बोट ठेवलं. तिने तिथे तळहात ठेवला. “आमच्या आईला मरंस्तोर टोमणे मारले लोकांनी,” ती म्हणाली. “चला पंचायतीत.”

सरपंच तोच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. “भाऊ, मागं मी तुमच्या दुकानात आलो तेव्हा तुम्हीच छातीठोक सांगितलं, होता तसाच हाय. आता म्हणता, नव्हता. कोणतं खरं धरू? मूळ फोटो आणा.”

मूळ फोटो माझ्याच रंगाखाली होता. तो रंग धुवून पाहायला गेलो तेव्हा कागदाचा मसालाही निघून आला. नाव दगडावर आलेलं नाही. बहीण अजून आहे. पंचायतीत माझं तोंडी कोणी मानत नाही, म्हणून मला आठवतं ते लिहून सही करून ठेवतो.

डावा मनोरा पूर्ण होता. उजवा छपरापासून वर नव्हता, तिथे नुसतं आभाळ होतं. दाराची कमान अर्धी तुटलेली होती. दारासमोर दगडविटांचा ढीग होता, साधारण दोन पुरुष उंच, आणि त्याच्या उजव्या कडेला टोपी काढून एक सैनिक उभा होता. तोही मी पायऱ्या काढताना पुसला.