दार देवानं लावलं नव्हतं

कॅनडातल्या कोक्विटलामच्या लायब्ररीत आमचा बुक क्लब महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी भरतो. आठ-दहा माणसं, पाणचट कॉफी, आणि चर्चा चालवायला इथलीच एक निवृत्त शिक्षिका. गेल्या हिवाळ्यात तिनं अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका लेखिकेची कादंबरी निवडली. कापडगिरणीच्या वस्तीतलं कुटुंब. बाप अंथरुणाला खिळलेला, आई भाविक, रविवारचं चर्च कधी न चुकवणारी. गिरणीला आग लागते आणि तिची सतरा वर्षांची मुलगी आत अडकून मरते, कारण मुकादमानं मागचं दार बाहेरून बंद ठेवलेलं असतं. मी लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासते. तो सगळा आठवडा मला कामावरसुद्धा ती आई दिसत होती.

शिक्षिकेनं सुरुवातच अशी केली, "किती सुंदर श्रद्धा! एवढं दुःख कोसळलं, तरी तोंडातून तक्रारीचा शब्द नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी पुण्याची मैत्रीण सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्ही तिच्याच गाडीतून येतो. ती म्हणाली, "आमच्याकडेही लोक असेच असतात. जे येईल ते प्रारब्ध म्हणून स्वीकारतात."

शिक्षिकेनं माझ्या दंडावर हात ठेवला. "तुमच्याकडच्या गरिबांमध्ये ही शांती अजून आहे, नाही का? आम्ही ती हरवून बसलो."

माझं डोकं तडकलं. शांती म्हणे!

"एकविसावं प्रकरण वाचलंत का तुम्ही?" मी विचारलं. दोघं-तिघं पानं चाळू लागले. मग मीच पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. पाद्री मक्याच्या पावाची ताटली घेऊन घरी येतो आणि म्हणतो, देवाला तुमची मुलगी हवी होती. आई ती ताटली हातात घेत नाही. म्हणते, "दार देवानं लावलं नव्हतं. ज्यानं लावलं त्याचं नाव रविवारी सगळ्यांसमोर घ्या, मग मी येऊन बसेन." पाद्री नाव घेत नाही. ती पुन्हा चर्चची पायरी चढत नाही. पण धुणं वाळत घालताना देवाची गाणी गाते, रोज, मरेपर्यंत.

"ही तक्रार नाही तर काय आहे?" माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. "त्या बाईची श्रद्धा तिच्या रागात आहे. लेखिकेनं चारशे पानं तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिली नाहीत."

शिक्षिका हसली. "तो भाग मला जरा कडवट वाटला. आपण पॉझिटिव्ह बोलू या." आणि पुढचा प्रश्न काय? पुस्तकातली खाण्यापिण्याची वर्णनं कशी वाटली! एक मुलगी बंद दारामागे जळून मेली होती आणि आमचे लोक मक्याच्या पावाची रेसिपी विचारत होते.

पार्किंगमध्ये मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढं चिडायला काय झालं? पुस्तकच तर होतं."

"गाडी सुरू करू नकोस," मी म्हटलं. "आधी ऐक."

मग तिला सांगितलं. मी नागपूरला आठवीत होते. धाकट्या भावाला हगवण लागली, आई त्याला घेऊन दवाखान्यात गेली, मी सोबत. डॉक्टरनं वस्तीचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आम्हाला व्हरांड्यात बसवून ठेवलं. आमच्यानंतर आलेले आत जाऊन औषध घेऊन निघून गेले. भावाला कुणी हातही लावला नाही. दुपारी तो आईच्या मांडीवरच गेला.

घरी बायका आल्या, म्हणाल्या, "देवाची मर्जी." आमच्या घरात देव नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव घराबाहेर गेले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि आई रोज सकाळी वंदना म्हणायची, त्या सकाळीही म्हणाली होती. ती उठून उभी राहिली. "देवाची कायले? त्या डॉक्टरची मर्जी होती. त्यालेच इचारतो मी."

आणि तिनं खरंच विचारलं. शाळेत आया होती ती. दर गुरुवारी सुटी झाली की दवाखान्याच्या ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. "लेखी उत्तर द्या." अर्ज मी लिहायची, अंगठा ती द्यायची. कारकून हसायचे, हाकलायचे, उद्या या म्हणायचे. वर्ष उलटून गेल्यावर एका ओळीचं पत्र आलं : सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "कार्यवाही म्हंजे काय वं?"

मैत्रीण स्टिअरिंगकडे बघत राहिली. "तू हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. प्रारब्ध म्हणून मोकळी झालीस."

तिनं गाडीची किल्ली परत पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "खरं सांगू? मी ते प्रकरण वाचलंच नव्हतं. सुरुवात आणि शेवट बघून आले होते." मला राग यायला हवा होता, आलाही, पण निदान ही खरं तरी बोलली.

सोमवारी शिक्षिकेची ईमेल आली. ग्रुपमध्ये सगळ्यांना सेफ वाटलं पाहिजे, कृपया टोन सांभाळावा. माझ्या मुलीनं खांद्यावरून वाचलं. "आई, जस्ट लेट इट गो."

मी सोडलं नाही. उत्तर लिहिलं : मी रागावले होते, अजूनही आहे, आणि टोन त्या पुस्तकाचाच होता. पुढच्या महिन्यात त्याच कादंबरीवर पुन्हा बोलावं, या वेळी सगळ्यांनी एकविसावं प्रकरण वाचून यावं, अशी माझी सूचना आहे.

तिचं उत्तर आलेलं नाही. मी त्या चर्चेची तारीख विचारायला लायब्ररीत फोन केला आहे, आणि उद्या पुन्हा करणार आहे.