वाकडं बसलेलं बोट

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता माझा जुना पठ्ठ्या चाळिशीत हातमोज्यांशिवायचं, उघड्या मुठीचं बॉक्सिंग खेळायला निघालाय, आणि रहिमतपुरात लोक म्हणतात, "मारामारीचीच खोड हाय त्याला, पहिल्यापास्नं." साफ खोटं. ते खोटं मी पसरवलं.

तो विशीत असताना सरावात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं. मी वस्ताद. तालमीत मोडलेलं तालमीतच बसवायचं, ही माझी मिजास.

"सांगलीला डाक्टरला दाखवू का?" त्यानं विचारलं.

"बोटाला कसला रं डाक्टर?"

मी बोट ओढलं, हळदीचा लेप लावला, कामट्या बांधल्या. ते वाकडं बसलं. मूठ पुरती मिटेना. सैन्यभरतीत त्याला त्या बोटापायी बाहेर काढलं.

त्याचा फौजी बाप रजेवर आला आणि थेट तालमीत शिरला. "बोट कशानं मोडलं?"

"जत्रेत मारामारी केली," मी सगळ्या तालमीदेखत म्हणालो.

पोरगं शेजारीच उभं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. वस्तादाला खोटं पाडायचं नाही, हे मीच शिकवलेलं. बाप मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलला नाही.

पुढं तो मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये गेला. माणूस खाली घ्यायचा आणि आवळायचा, यावर त्यानं पंधरा वर्षं काढली. त्या हातानं काढली. ज्यांना नावं ठेवायची त्यांनी मला ठेवावीत. माझं घर सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या महिन्यात सांगलीला त्याच्या जिममध्ये गेलो, कबूल करायचं ठरवूनच.

"पकड सोडून हे कशाला रं?"

"आवं वस्ताद, जन्मभर लोकांस्नी मिठ्याच मारल्या," तो हसला. "न केलेल्या मारामारीचं नाव लागलंय, तर आता एकदा करूनच बघतो की! डाव्यानं मारीन. उजवी मिटंल तेवढी मिटंल."

मग त्यानं उजवा हात पुढं केला. "मनगट तुमीच बांधा."

मी पट्टी गुंडाळू लागलो. या खेळात बोटं उघडीच ठेवतात. ते वाकडं बोट माझ्या तळव्यात होतं. बापापुढं खोटं बोललो, चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. तो वाट बघत असल्यासारखा माझ्याकडं बघत होता.

"लय आवळलं का?" मी विचारलं.