कपावरची पांढरी भुकटी

मुलांनो, तुमच्या आजीने केलेले तुमचे दोन कप आज भट्टीतून निघाले. सगळं क्रमाने सांगते.

पळस्प्याच्या पुढे एका शेडमध्ये मी मातीकाम शिकते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या पांढऱ्या ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावर चढवायच्या काचेच्या लेपात, धुण्याचा सोडा घालतात. भट्टी तापत असताना आत मुद्दाम धूर कोंडतात. सोडा लवकर वितळतो आणि त्या धुराला आपल्याखाली पकडून ठेवतो. मग पांढऱ्या कपावर राखाडी-काळे ढग कायमचे उमटतात. सगळ्यांच्या कपांवर उमटायचे. माझे मात्र तीन वेळा धुतल्या तांदळासारखे कोरे निघाले.

ही चौथी वेळ शेवटची होती. शेजारी नवे टॉवर झालेत, तिथून आमच्या धुराच्या तक्रारी आल्या. आता ही गॅसची भट्टी काढून विजेची बसवणार आहेत आणि तिच्यात धूर कोंडता येत नाही. तुम्हाला तर मी फोनवर ढगांचे कप कबूल करून बसले होते!

भट्टी लावायच्या आदल्या दिवशी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पोचले. फळीवर माझे दोन्ही कप वाळले होते आणि त्यांच्या अंगावर पांढरी भुकटी धरली होती. मी पर्समधून धुतलेलं फडकं काढलं आणि पुसायला घेतलं. दुसरा कप पुसत होते, तेवढ्यात माझी मैत्रीण आत आली. ही गव्हाण गावची, माझ्याच वयाची. तिच्या सासरी पूर्वी मिठागर होतं.

"बाई, काय करता?"

"धूळ बसली आहे, पुसते."

"धूळ नाय ती! सोडा हाय, मिठासारखा वर आलाय. दर टायमाला पुसता काय?"

"अर्थात. घाणेरडे कप भट्टीत कसे द्यायचे?"

ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "माझ्या सासऱ्यानं तुमाला मिठागरावर पाय ठेवू दिला नसता! सगलं पीक झाडून खाडीत टाकलं असतंत!"

हसणं ऐकून आमची शिक्षिका आली. ती तुमच्या आईच्या वयाची आहे. तिने कपाळाला हात लावला. "आजी, भांड्यांना हात लावायचा नाही, असं मी सांगितलं होतं ना?"

"हात कुठे लावला? फडकं लावलं."

तीन भट्ट्यांच्या कोड्याचं उत्तर त्या फडक्यात होतं, दर वेळी मी सोडाच पुसून टाकत होते! चाळीस वर्षं शाळेत मुलींच्या वह्यांवरचा डाग खपवून घेतला नाही, त्याचं हे फळ. मला हसूही आलं आणि रडूही. भट्टी उद्या सकाळी लागणार होती.

"रडू नका," मैत्रीण म्हणाली. "ऊन हाय, वारा हाय. वारा लागला की मीठ धावत वर येतं."

आम्ही कपांवरचं ग्लेझ धुऊन टाकलं, कप उन्हात कोरडे केले आणि पुन्हा ग्लेझमध्ये बुडवले. मग तिने ते मागच्या भिंतीवर, खाडीकडून वारा येतो तिथे मांडले. मी खुर्ची टाकून समोर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. चारच्या सुमाराला वाऱ्याकडच्या बाजूला पहिला पांढरा कण चमकला. "आला! आला!" मी ओरडले. तुमचा पहिला दात दिसला तेव्हाही मी एवढी ओरडले नव्हते.

सकाळी कप भट्टीत मी स्वतः ठेवले. दुसरा ठेवताना काठावर भुकटीचा एक ओघळ दिसला आणि माझा अंगठा आपोआप त्यावरून फिरला. मैत्रिणीने चापटी मारली. "बाई! सवय जात नाय ना!"

दिवसभर धूर निघाला, टॉवरमधल्या खिडक्या पटापट मिटल्या. मग दोन दिवस भट्टी निवण्याची वाट पाहिली. आज दार उघडलं. मुलांनो, ढगच ढग! वाऱ्याची बाजू आभाळ भरून आल्यासारखी काळी आणि आडोशाची बाजू फिकट, तांबूस. दुसऱ्या कपाच्या काठावर मात्र अंगठ्याएवढी जागा स्वच्छ पांढरी राहिली आहे. तो कप कोणी घ्यायचा, हे तुम्ही भांडून ठरवा.

कप टॉवेलांत गुंडाळून ठेवलेत. कप पोचले की आधी तुमच्या आईला गाठा. ती माझीच मुलगी आहे, काळं दिसलं की घासणी घेऊन बसेल. तिला सांगा, हे निघणार नाही.