अण्णांच्या वहीतली सहा अक्षरं

आधीच सांगते — मी या सदरातले अनुभव वाचते ते चहासोबत, करमणूक म्हणून. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. माझा स्वभाव तसा नाही आणि माझं काम तर त्याहून नाही. मी लिनक्स सर्व्हर सांभाळते. रोज हजारो अनोळखी लोक माझं दार वाजवतात, आणि कोण, कुठून, किती वाजून किती सेकंदांनी आला ते सगळं लॉगमध्ये लिहिलेलं असतं. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं मी नव्या लोकांना शिकवते.

तरीही हे लिहायला बसले आहे. कारण जे घडलं त्याची नोंद आहे. दोन ठिकाणी आहे. आणि त्या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत... म्हणजे नको तितक्या जुळतात.

आम्ही हैदराबादचे. सासरची तिसरी पिढी बरकतपुऱ्यात राहते. माझं ऑफिस हिमायतनगरला, स्कूटरवर दहा मिनिटं, त्यामुळे दुपारी मी जेवायला घरी येते. कंपनी लहान आहे. दुकानं, क्लासेस, दवाखाने यांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर असतात. मुख्य सर्व्हरवर बेचाळीस साइट्स, आणि त्याची जबाबदारी माझी.

तो सर्व्हर मी किल्ल्यासारखा ठेवला होता. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त डिजिटल किल्लीने. ती किल्ली दोघांकडे — मी आणि माझा सहकारी वाहिद. तीनदा चुकीचा प्रयत्न केला की तो इंटरनेटवरचा पत्ता आपोआप बाहेर. नको ती सगळी दारं फायरवॉलने बुजवलेली. रोज बॅकअप. सात वर्षांत एकही साइट फुटली नव्हती. मला त्याचा अभिमान होता, तो लपवत नाही.

त्या बेचाळीस साइट्समध्ये एक होती डॉक्टरबाईंची. बाई निवृत्त झाल्यावर काचीगुड्याच्या दोन खोल्यांतून थॅलेसेमियाच्या मुलांसाठी रक्तदात्यांची यादी चालवतात. कुठल्या मुलाला कोणतं रक्त चालतं, त्याचा दाता शेवटचा कधी आला होता, आता कुठे राहतो — सगळं त्या साइटवर. त्या मुलांना दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. यादी गेली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

आता अण्णा. माझे सासरे. वय एक्याऐंशी. सिव्हिल कोर्टात रेकॉर्ड कीपर होते, आणि अजूनही फाईलला मिसल म्हणतात. कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही. फोन बटणांचा, तोही फक्त घ्यायला आणि करायला. रोज वहीत पेन्सिलीने एकेक काम वेळेच्या क्रमाने लिहितात आणि झालं की बारीक टिंब देतात. देवधर्म बेताचा, भूतखेत विचारलंत तर म्हणतील, "पस्तीस साल रेकॉर्ड रूममध्ये एकटा बसलो, एक भूत भेटायला आलं नाही."

पण त्या थंडीत अण्णा घाबरलेले होते. त्यांच्या थोरल्या भावाचा विसरभोळेपणा असाच सुरू झाला होता आणि शेवटी ते स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हते. अण्णांनी एकदा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, एकदा शेजाऱ्यांचं नाव आठवेना... एवढ्यावरून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता आपली पाळी. बोलायचे नाहीत. पण शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी वही उघडून बघायचे. ते बघवत नसे.

तो बुधवार होता. मी पावणेएकला घरी आले. चिंचेचं वरण, भात, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी असं साधं जेवण. अण्णा जेवले नव्हते. वही घेऊन टेबलाशी बसले होते.

"अनुजा बेटा, जेवण नंतर. हे बघ आधी."

"काय झालं अण्णा?"

"हे अक्षर कुणाचं?"

मी बघितलं. "तुमचंच."

"हौ ना. मीच लिहिलंय. पण मी हे लिहिलं नाही." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "सकाळी आठला बीपीची गोळी लिहिली. अकराला केबलवाल्याला फोन केला, तो खाली लिहिला. मध्ये हे काय आहे? इंग्रजी आहे, तुझ्या कामाचं वाटतं. तू काही लिहायला सांगितलं होतंस का मला? खरं सांग... मी विसरलो का?"

दोन नोंदींच्या मध्ये एक ओळ होती. इंग्रजी अक्षरांत, अण्णांच्या सरळ कोर्टाच्या वळणात, झेडच्या पोटात त्यांची ती आडवी रेघ. आधी 'ओल्ड साइट', मग तिरकी रेघ, 'अपलोड्स', पुन्हा तिरकी रेघ, आणि पुढे सहा अक्षरं — टी, झेड, चार, के, नऊ, क्यू. शेवटी टिंब आणि पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची खूण.

मी हसून म्हटलं, "अण्णा, मी फोनवर बडबडत असते, कानावर पडलं असेल." आणि भात वाढून घेतला. दोन घास खाल्ले.

मग घास हातातच राहिला.

ओल्ड साइट. हे नाव मी कधीतरी पाहिलं होतं... कुठे? मी हात धुतला, लॅपटॉप उघडला आणि बेचाळीसही साइट्सवर ते नाव शोधायला लावलं. उत्तर एकच आलं. डॉक्टरबाईंची साइट. त्यांची पहिली साइट बनवणाऱ्याने जुनी कॉपी तशीच ठेवून दिली होती. आत दात्यांनी फोटो चढवायचा एक फॉर्म होता, जुना, कुठलीही तपासणी न करणारा. कोणीही, कुठूनही, फोटोच्या नावाखाली काहीही चढवू शकला असता. किल्ल्याला सात वर्षं एक खिडकी उघडी होती, आणि मी तटावर उभी राहून मिशीला पीळ देत होते, असंच म्हणा.

अपलोड्स फोल्डरही होतं. त्यात जुने बारा फोटो. सहा अक्षरांची फाईल मात्र नव्हती. घड्याळात एक वाजून आठ मिनिटं झाली होती. तेव्हाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

मी वाहिदला फोन लावला.

"वाहिद, डॉक्टरबाईंच्या साइटमध्ये ओल्ड साइट म्हणून फोल्डर है क्या?"

"एक मिनट मॅडम... हौ, है तो. किसने रखा ये?"

"वो बाद में. फॉर्म अभी बंद करो. अपलोड्समधून कोणतीही फाईल चालायला नको. आणि बॅकअपची डिस्क सर्व्हरपासून सोडव, अभी के अभी."

"हुआ क्या मॅडम? लॉग में तो कुछ नहीं दिख रा."

"वही में दिख रा," मी म्हणाले.

अजून एक गोष्ट बाकी होती. सर्व्हरच्या गाभ्याचं एक सुरक्षा अपडेट मी सोमवारी चढवलं होतं, पण ते लागू व्हायला सर्व्हर बंद करून सुरू करावा लागतो. ते मी रविवारवर टाकलं होतं, गर्दी कमी असते म्हणून. आता मला थांबवेना. वाहिद म्हणाला, "भर दुपारी? बेचाळीस लोग फोन करेंगे." मी म्हटलं, करू देत. आणि सर्व्हर रीस्टार्ट केला.

मिनिटभरात पहिला फोन आला तो नेमका डॉक्टरबाईंचा.

"अनुजा, साइट उघडत नाही गं. तीन वाजता एका मुलीला रक्त चढवायचंय आणि ठरलेला दाता तापाने पडलाय. मला दुसरा शोधायचाय, आत्ता."

"बाई, दहा मिनिटं द्या."

"नक्की दहा?"

"नक्की."

मी नक्की म्हणाले खरी. पण सर्व्हर बंद असताना ती दहा मिनिटं कशी जातात हे ज्याने काढलीत त्यालाच कळेल. अण्णा समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना वाटत होतं, त्यांनी काहीतरी बिघडवलं. एक अठ्ठावीसला सर्व्हर वर आला. मी बाईंना फोन करून यादी उघडायला सांगितली, त्यांना नल्लाकुंट्याचा एक दाता सापडला. मी पाणी प्यायले.

एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी ते आले.

लॉग माझ्या डोळ्यांसमोर सरकत होता. आधी एका पत्त्यावरून, मग वेगवेगळ्या देशांतल्या आणखी आठ पत्त्यांवरून, सगळे थेट त्या जुन्या फॉर्मवर. शोधाशोध नाही, चाचपणी नाही. जणू वाट पाठ होती. फॉर्म बंद, नकार. पुन्हा, नकार. असे हल्ले प्रोग्रॅम करतो. फाईल चढली की नाही हे न बघताच तो पुढची पायरी टाकतो, चढवलेली फाईल चालवून बघतो. तीही मागणी आली. ओल्ड साइट, अपलोड्स, आणि पुढे—

टी. झेड. चार. के. नऊ. क्यू.

वही लॅपटॉपच्या शेजारी उघडी होती. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून ताडून पाहिलं. वाहिदचा मेसेज आला, "मॅडम आप को नाम कैसे मालूम था??" कारण घाईघाईत ते नाव मी त्याला आधीच पाठवलं होतं, अडवायच्या यादीत टाकायला. त्या मेसेजची वेळ एक वाजून चौदा मिनिटं.

अंगावर काटा आला का? आला. पण खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा आला तो आनंद. नऊ पत्ते आले आणि नऊच्या नऊ हात हलवत परत गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की शहरातल्या आणखी एका होस्टिंगवाल्याकडे त्याच दुपारी असलाच हल्ला आत शिरला होता. त्यांच्या साइट्स चार दिवस हल्लेखोरांच्या कुलपात होत्या, बॅकअपसकट.

पुढचे तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. वर्षभराचे लॉग चाळले. ती सहा अक्षरं आधी कधीच आली नव्हती. इंटरनेटवर शोधलं, कुठे नाही. असली नावं हल्ल्याच्या वेळी यंत्रच बनवतं. सहा अक्षरांची जुळणी दोनशे कोटींच्या वर जाते, हिशोब तुम्हीही करू शकता. 'ओल्ड साइट' अण्णांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं असेल, हे मी मान्य करते. पण ती सहा अक्षरं? सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान कुणीतरी त्यांना फोनवर सांगितली का? फोनची यादी काढली. एकच फोन, केबलवाल्याला. माझ्या लॅपटॉपमध्ये कुणी शिरलं होतं का? तो पूर्ण तपासून घेतला, मग पुसून नव्याने बसवला. काही नव्हतं. वाहिदचं म्हणणं, कुणा बुजुर्गाची दुआ असेल. मी म्हटलं, दुआ पीएचपीमध्ये येत नाही. तो म्हणाला, "अब तो आई ना मॅडम."

त्या बुधवारची संध्याकाळ मात्र मला जास्त आठवते. मी सहाला ऑफिसमधून घरी आले. अण्णा अंगणात खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, त्यांना समजेल असं: एक माणूस खोटा कागद घेऊन रेकॉर्ड रूममध्ये शिरणार होता, त्या कागदाचा नंबर तुमच्या वहीत होता, आणि तो माणूस नंतर आला.

"नंतर?"

"नंतर. तुम्ही लिहिलंत तेव्हा तो कागद तयारसुद्धा झाला नव्हता."

अण्णांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मला वाटलं घाबरले. मग म्हणाले, "म्हणजे हे मला कुणी आधी सांगितलेलं नव्हतं."

"कुणी सांगूच शकलं नसतं."

"म्हणजे मी विसरलो नाही."

"नाही अण्णा."

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. कसं झालं, कुठून आलं, का आलं, यातलं एकही विचारलं नाही. जगातल्या सगळ्यात चमत्कारिक गोष्टीतून त्या माणसाला एवढंच हवं होतं. नंतर आम्ही त्यांना डॉक्टरांकडेही नेलं. तपासण्या झाल्या, वयाच्या मानाने स्मरण उत्तम म्हणाले. फ्रिजमधला चष्मा हा निव्वळ वेंधळेपणा.

मी माझं काम केलं. बेचाळीस साइट्समधली प्रत्येक जुनी कॉपी शोधून काढून टाकली, बॅकअप कायमचा वेगळा केला, अपडेट आता रविवारची वाट बघत नाही. पुन्हा कुणी आलं तर मला सूचनेची गरज पडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

राहिला प्रश्न त्या सूचनेचा. आमच्याकडे अशा घटनेचा अहवाल भरावा लागतो, त्यात एक रकाना असतो — धोका पहिल्यांदा कसा लक्षात आला. मी अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'लेखी सूचना, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान'. साहेबांनी वाचून विचारलं, "हे कोण, कन्सल्टंट?" मी वहीच्या पानाचा फोटो आणि लॉग शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोनदा पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले, आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "कारण लिहिलंस की केस बंद करू."

वाचकांपैकी कुणी या क्षेत्रातलं असेल आणि माझ्याकडून काही सुटलं असेल तर जरूर कळवा, मी मनापासून तपासेन. सात वर्षांत मी उघडलेली प्रत्येक केस कारण लिहून बंद केली आहे. ही एक उघडी आहे.